हातचा एक

पुढारणीने आधी अंगठा धरला. तो कसाबसा उघडला, पण तेवढ्यात करंगळी मिटली. करंगळी सोडवायला गेली तर अंगठा पुन्हा आपल्या जागी हजर. मधली तीन बोटं तर कुणी खळ लावून चिकटवल्यासारखी बसली होती. मूठ लिंबाएवढी, मुठीची मालकीण तिसरीतली, आणि ती उघडायला झटणारी मुलगी नववीतली, गोळाफेकीत शाळेत दुसरी आलेली. पण दहा मिनिटं झाली तरी मूठ दाद देत नव्हती.

“उघड ना ग. काय आहे आत?”

पोरीने मान हलवली.

“गोटी आहे? खडू आहे? झुरळ आहे?”

झुरळ म्हटल्यावर पोरीचे वडील दोन पावलं मागे सरकले आणि त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. ते कुलूपवाले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं, आणि त्यांच्यासमोर हट्ट धरून बसलेलं कुलूप अजून जन्माला यायचं होतं. एकदा म्हणे एका बँकेची तिजोरी त्यांनी केसांच्या पिनेने उघडली आणि पिन न वाकवता बायकोला परत दिली. आज मात्र त्यांनी हात टेकले होते.

“ताई,” ते म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस आपल्याला ताई म्हणतो, हे पुढारणीला एरवी फार आवडलं असतं. “शुक्रवारी तुमच्या शिकवणीहून आली ती अशीच. आज मंगळवार. जेवते डाव्या हाताने. वेणी घालताना आरसा डाव्या हातात. बेल कोपराने वाजवते. फ्रॉकच्या बाहीतून मूठ जाईना, म्हणून हिच्या आईने बाही उसवली. आज उसवली, उद्या काय करायचं? मी तिजोऱ्या उघडणारा माणूस, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

“पण मी काय केलं त्यात?”

“तुम्ही केलं असं मी कुठं म्हणतोय? तिला विचारलं, बाई ग, मूठ का मिटलीस? तर म्हणते, ताईंनी सांगितलंय. म्हटलं, काय सांगितलंय? तर म्हणते, ते ताईंना माहीत आहे.”

ताईंना काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आता ही पुढारीण कोण, ते सांगायला हवं. पाळण्यात असतानाही ती रडायची ती एक हात वर करून, असं तिची आई सांगते. तेव्हापासून हे नाव पडलं आणि तिने ते मानाने मिरवलं. तिच्याजवळ एक जाड निळी वही होती. वहीवर लिहिलं होतं, ‘पुढील वाटचाल’. पहिल्या पानावर: पंधराव्या वर्षी विद्यार्थी-प्रमुख. पंचविसाव्या वर्षी नगरसेविका. पस्तिसाव्या वर्षी महापौर. पुढच्या ओळीत नुसतं ‘त्याच्याही वर’ असं लिहून तिने जागा कोरी सोडली होती, कारण त्याच्याही वर नेमकं काय असतं ते विचारून घ्यायचं राहिलं होतं. शेवटच्या पानावर पुतळ्याची जागा ठरलेली होती. टायरच्या दुकानासमोरचा चौक, तोंड शाळेकडे, उजवा हात वर, पंजा उघडा.

यातली पहिली पायरी आता चार आठवड्यांवर आली होती, आणि त्या पायरीला शाळेने एक अट घातली होती. जो कुणी विद्यार्थी-प्रमुखपदाला उभा राहील त्याने तिसरीतली चार कच्ची मुलं घ्यायची आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर अर्धा तास, त्यांना गणित शिकवायचं. मुलं सुधारली असं वाटलं तर गणिताच्या बाई सही करणार. सही नाही तर निवडणूक नाही. कल्पना बाईंचीच होती. ज्याला पाचशे पोरं सांभाळायची आहेत त्याला चार सांभाळता येतात का बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. शाळेत पोरं जेमतेम सव्वादोनशे होती, पण बाईंच्या तोंडी पाचशेच आली, आणि बाईंचा आकडा चुकतो असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

पुढारणीच्या वाट्याला आलेल्या चारांपैकी दोघी जुळ्या होत्या. एकीला विचारलं तरी दोघी उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं सारखंच चुकायचं. तिसरा खोडरबर खायचा. पांढरं आवडायचं, दुरंगी मिळालं तर सण. आणि चौथी ही कुलूपवाल्याची पोर. ती काहीच करायची नाही. नुसती ऐकायची. पुढारणीला ती फार आवडली होती, कारण भाषणाला असा श्रोता लागतो.

हो, भाषणच. पहिले दोन वर्ग तिने ‘नेतृत्व म्हणजे काय’ यावर घेतले. तिसऱ्या वर्गाला जुळ्यांनी एका सुरात विचारलं, “ताई, बेरीज कधी?” तेव्हा कुठे गणित सुरू झालं.

वर्गाच्या दारात चाहूल लागली. गणिताच्या बाई उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. त्यांनी कुलूपवाल्यांकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला.

“शुक्रवारी काय शिकवलंस ग?”

“हातच्याची बेरीज.”

“कशी शिकवलीस? जशी शिकवलीस तशीच सांग.”

पुढारीण फळ्याकडे वळली. शुक्रवारचं गणित अजून तिथेच होतं. तिनेच शेजारी मोठ्या अक्षरात ‘पुसू नये’ असं लिहून ठेवलं होतं, कारण अक्षर छान आलं होतं. वर सत्तावीस, खाली पंधरा, त्याखाली रेघ.

“मी म्हटलं, सात आणि पाच बारा. बाराचे दोन एककाच्या घरात लिहायचे. एक हातचा. मग...” ती थांबली. आपलं वाक्य तिला अक्षर न् अक्षर आठवत होतं. ते म्हणताना टाळ्यांसाठी ती जराशी थांबलीसुद्धा होती. “मग मी म्हटलं, हातचा म्हणजे जबाबदारी. तो सांडायचा नाही, हरवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. पुढच्या घरात पोचेपर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवायचा.”

“आणि?”

“आणि घंटा झाली.”

फळ्यावर सत्तावीस होते, पंधरा होते, रेघेखाली उजवीकडे दोन होते. डावीकडचं घर रिकामं होतं.

जुळ्यांनी आपापला हातचा दाराबाहेर पडताना सांडला होता. तिसऱ्याने बहुधा खाल्ला. या पोरीने तो चार दिवस सांभाळला होता. जेवताना, आंघोळ करताना, बेल वाजवताना. पुढचं घर आलंच नव्हतं, ती तरी काय करणार?

पुढारणीने खडू उचलला.

“ये ग,” ती म्हणाली. “दशकाचं घर. दोन आणि एक?”

“तीन,” पोर म्हणाली. चार दिवसांत तिने उच्चारलेला हा पहिला आकडा.

“आणि?”

पोर टाचा उंचावून फळ्यापाशी उभी राहिली. मूठ रिकाम्या घरावर टेकवली, आणि एकेक बोट सोडलं. अंगठा, करंगळी, मग मधली तिन्ही. तळहात घामाने ओला झाला होता, त्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या. फळ्यावर त्याचा बारकासा ओला ठसा उठला.

“आणि हा एक,” ती म्हणाली. “चार.”

बेचाळीस.

कुलूपवाल्यांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे किल्ली आतच होती,” ते म्हणाले आणि पोरीला खांद्यावर घेऊन निघून गेले. त्या दिवसापासून पोरीला सगळी शाळा मूठ म्हणू लागली.

गणिताच्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं. जाताना तेवढं म्हणाल्या, “आता ते ‘पुसू नये’ पुसलंस तरी चालेल.”

पुढारीण घरी आली आणि तिने दप्तर खुंटीला अडकवलं. तिची आई शिवणकाम करायची आणि तोंडात टाचण्या धरून जगाशी बोलायची. त्या दिवशी यंत्रावर एक गडद निळं जाकीट होतं. विद्यार्थी-प्रमुखाचं जाकीट. निकालाआधीच आईने बेतलं होतं, बिल्ल्यासाठी खिसा जरा मोठा ठेवला होता.

“आज भाषण नाही?” आईने टाचण्यांतून विचारलं.

“नाही.”

आईने यंत्र थांबवलं. ताप आहे का बघायला हात पुढे केला. कपाळ गार होतं.

पुढारीण वही घेऊन बसली. निवडणुकीसाठी तिने एकतीस आश्वासनं लिहून काढली होती. रोज दोन मधल्या सुट्ट्या. घंटेऐवजी गाणं. बाकांना गाद्या. गणित दिवसाआड. बाविसावं आश्वासन लिफ्टचं होतं. शाळा एकमजली होती, पण इमारत पुढेमागे वाढणारच होती. ही सगळी आश्वासनं काल रात्रीपर्यंत तिला पाठ होती, आणि एकही खटकलं नव्हतं. आज ती लिफ्टपाशी आली आणि थबकली. समोर सव्वादोनशे पोरं बसली आहेत, आपण लिफ्ट म्हटलं, आणि त्यातल्या एकीने, एकीनेच, ती मुठीत धरली तर?

तिने लिफ्ट खोडली. मग गाद्या खोडल्या. मग पेन्सिल खाली ठेवायला तिला जेवणाची हाक यावी लागली.

“किती राहिली?” आईने विचारलं.

“चार.”

“एकतिसातली चार? बाई, मी जाकिटाचा एवढा मोठा खिसा कशाला ठेवला?”

त्या चारांतलं पहिलं होतं मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. ती गेल्या वर्षापासून तुटलेली होती आणि दोघी गेल्या तर एकीला बाहेरून दार धरून उभं राहावं लागायचं. पुढारणीने शुक्रवारी मुठीकडे निरोप दिला. शनिवारी कुलूपवाले आले आणि पाच मिनिटांत पितळी कडी बसवून गेले. पैशाचं विचारलं तर म्हणाले, “ताई, तुम्ही माझी इज्जत वाचवलीत, तुमच्याकडून पैसे घेऊ?”

आईने हे ऐकून कपाळावर हात मारला. “निवडणुकीआधीच काम करून टाकलंस? आता तुला मत कोण देणार? असला पुढारी मी उभ्या जन्मात पाहिला नाही.”

तिकडे भोंग्याची आश्वासनं वाढतच होती. भोंगा हा तिचा एकुलता एक प्रतिस्पर्धी. त्याच्या वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा, आणि मुलालाही आवाज घरचाच. मनाने वाईट नव्हता. त्याने आपल्या चार मुलांच्या हाती माइक दिला होता आणि ती दर मंगळवारी मैदानात पाढे अशी ओरडायची की शेजारच्या दवाखान्यातल्या पेशंटांना सत्तावीसचा पाढा झोपेत येऊ लागला. पाढे पक्के झाले, सही मिळाली. दोन मधल्या सुट्ट्यांच्या तीन झाल्या. लिफ्ट पुढारणीने सोडली ती त्याने उचलली.

पुढारणीची चौघंही मार्गी लागली होती. जुळ्या आता वेगवेगळी उत्तरं द्यायच्या, त्यातलं एक बरोबर असायचं. खोडरबर खाणाऱ्याला चुका कमी झाल्याने खोडरबर पुरू लागलं. आणि मूठ तर अशी तयार झाली, की वर्गात कुणीही, कुठल्याही फळ्यावर बेरीज मांडली तरी तिची मूठ आपोआप मिटायची आणि हातचा मिळवला की आपोआप उघडायची. वाणसामानाच्या दुकानात तिने म्हणे एकदा मूठ वर करून दुकानदाराला अर्ध्या वाक्यात थांबवलं होतं. पुढारणीलाही बाईंची सही मिळाली. सहीखाली बाईंनी शेरा मारला नव्हता, पण सही नेहमीपेक्षा मोठी होती.

मतदानाच्या दिवशी सगळी शाळा सभागृहात जमली. चार पेट्या होत्या. तिसरी-चौथीची एक, पाचवी-सहावीची एक, सातवी-आठवीची एक, नववी-दहावीची एक. पुढारणीने भाषण केलं ते दोन मिनिटांचं. चार गोष्टी सांगितल्या, त्यातली एक झाली आहे म्हणाली, आणि खाली बसली. टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, कारण भाषण संपलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भोंगा मात्र असा बोलला की मागच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं.

मग चिठ्ठ्या पडल्या, मोजणी झाली. गणिताच्या बाई तिसरीतल्या एका मुलाच्या नाकाचा घोळणा फुटला म्हणून त्याला घेऊन बाहेर गेल्या होत्या, तेव्हा बेरजेचं काम कवायतीच्या सरांकडे आलं. कवायतीचे सर भला माणूस, पण त्यांचं सगळं गणित ‘एक-दो, एक-दो’ एवढ्यावर तीस वर्षं सुखाने चाललं होतं. त्याच्या पुढचा आकडा त्यांना मैदानावर कधी लागलाच नव्हता.

त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. पुढारणीचे एकवीस, चौतीस, एकतीस, बावीस. भोंग्याचे चोवीस, एकतीस, पस्तीस, तेवीस.

पुढारीण पहिल्या रांगेत बसली होती. गुडघ्यावर बोट फिरवत तिने आपला रकाना सरांच्या आधी मिळवला. एक, चार, एक, दोन. आठ. दोन, तीन, तीन, दोन. दहा. एकशे आठ. पुन्हा मिळवला. एकशे आठ. हातचा कुठे नव्हताच. तिसऱ्यांदा मिळवला. तोवर सरांनी फळ्यावर १०८ लिहिलं आणि पलीकडच्या रकान्याखाली १०३ लिहिलं आणि हातातला डस्टर वर करून, मैदानावर ‘सावधान’ म्हणतात त्या आवाजात जाहीर केलं, “पाच मतांनी!”

सभागृह दणाणलं. पुढारीण उभी राहिली. या क्षणासाठी तिने आरशासमोर सराव केला होता. आधी नम्रतेने मान खाली, मग हळूहळू उजवा हात वर, पंजा उघडा. मान खाली झाली. हात वर जायला लागला.

आणि तिला मूठ दिसली.

तिसरीच्या रांगेत, अगदी कडेला, एक लिंबाएवढी मूठ वर झाली होती. मुठीखाली पोर उभी होती, आणि ती पुढारणीकडे बघत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती.

शेजारच्या जुळ्यांना वाटलं, ही ताईंच्या विजयाची खूण. त्यांनीही मुठी वर केल्या. मग खोडरबर खाणाऱ्याने केली. मग सगळ्या तिसरीने, मग चौथीने. बघता बघता सभागृहभर मुठी उभ्या राहिल्या आणि कुणीतरी घोषणा सुरू केली. मोठ्या बाई कौतुकाने हसून शेजारच्या शिक्षकांना म्हणाल्या, “केवढा उत्साह आहे हो!” भोंगासुद्धा दिलदारपणे टाळ्या वाजवत होता.

शंभरावर मुठी होत्या. त्यातल्या एकीतच काहीतरी होतं.

पुढारणीने फळ्याकडे पाहिलं. स्वतःची बेरीज तिने तीनदा तपासली होती. पलीकडची एकदाही नाही. चार, एक, पाच, तीन. तेरा. तेराचे तीन सरांनी लिहिले होते. दोन, तीन, तीन, दोन. दहा.

एक राहिला होता.

कवायतीचे सर डस्टर घेऊन फळ्याकडे वळले. त्यांची सवय अशी, की काम झालं की मैदान साफ. पुढारीण जागच्या जागी उभी होती, अर्धवट उचललेला हात तसाच हवेत. पुसलं की संपलं. पुसणारे सर, चुकलेले सर, ती फक्त उभी होती. घोषणांत तिचं नाव होतं. समोर मोठा पितळी बिल्ला होता, मखमलीच्या डबीत. घरी जाकिटाला शेवटची शिलाई पडत असेल.

डस्टर फळ्याला टेकला. मूठ अजून वर होती. आता पोर फळ्याकडे बघत नव्हती. ती ताईंकडे बघत होती, शांतपणे, काळजी न करता, जशी ती त्या मंगळवारी बघत होती. ताईंना माहीत आहे.

“सर, थांबा,” पुढारीण म्हणाली. “पुसू नका.”

आवाज कुठे पोचेना. मग तिने आपला वाटचालीसाठी राखून ठेवलेला, महापौरपदाचा आवाज काढला.

“पुसू नका!”

सभागृह गप्प झालं. ती मंचावर चढली, सरांच्या हातातून खडू घेतला, आणि भोंग्याच्या रकान्यात, दशकाच्या घराच्या डोक्यावर, एक बारीकसा एक लिहिला. मग खालचं १०३ खोडून ११३ केलं. अक्षर छान आलं नाही.

सरांनी त्या एकावर बोट ठेवलं. “पण हा आला कुठून?”

“हातातून!” तिसरीची चौघं एका सुरात ओरडली.

मोठ्या बाईंचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद निघून गेला. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, शेजारच्या शिक्षकांना मोजायला लावलं. पाच मतांनी होतं ते पाच मतांनीच राहिलं, नुसतं उलटं झालं.

बिल्ला भोंग्याच्या छातीवर लागला. त्याने माइक हातात घेतला आणि पहिल्यांदाच हळू बोलला. “खरं सांगू? मला कळलंच नव्हतं. वर्षभर बेरजा तिनेच तपासाव्यात, अशी माझी विनंती आहे. आणि लिफ्टचं... लिफ्टचं आपण नंतर बघू.”

सभागृह रिकामं होत होतं तेव्हा गणिताच्या बाई घोळणा फुटलेल्या मुलाला घेऊन परतल्या. त्यांनी फळा वाचला, तो बारीकसा एक बघितला, आणि पिशवीतून पेन काढून पुन्हा पिशवीत टाकलं. सही तर कधीच करून झाली होती.

मूठ मंचाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचा हात आता उघडा होता.

“ताई, बरोबर आलं ना?”

“बरोबर आलं,” पुढारीण म्हणाली.

“तुमच्या बेरजेत हातचा नव्हता.”

“नव्हता.”

“एकसुद्धा?”

“नाही ग. नसतो कधीकधी.”

पोरीला हे पटलेलं दिसलं नाही. ती जरा विचारात पडली. मग तिने हात पाठीमागे नेला, मिटून पुढे आणला, आणि पुढारणीच्या तळहातावर उघडला.

“हा घ्या. माझ्याकडे एक जास्तीचा होता.”

“कुठला?”

“ठेवलेला.”

मग तिने पुढारणीची बोटं एकेक करून मिटवली. आधी मधली तीन. मग करंगळी. सगळ्यात शेवटी अंगठा, वरून दाबून, कडी लावावी तसा.

“पुढच्या घरात मिळवा,” ती म्हणाली. “तोवर सांडू नका.” आणि दारात किल्ल्या खुळखुळल्या तशी धावत सुटली.

पुढारीण घरी पोचली तेव्हा दप्तर डाव्या खांद्यावर होतं. तिने बेल कोपराने वाजवली.

आईने दार उघडलं. तोंडात टाचण्या, हातात जाकीट. “काय झालं? आलीस का निवडून?”

“पाच मतांनी.”

“आलीस?”

“पडले.”

आईने टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या. मग तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड पडलेल्या माणसाचं दिसत नव्हतं.

“बरं. शिवलंय एवढं, तर घालून तरी दाखव,” ती म्हणाली.

डावी बाही सरसर चढली. उजवी मनगटापाशी अडली. आईने ओढून पाहिलं, वळवून पाहिलं.

“हात मोकळा सोड की ग. मूठ कशाला मिटलीस? बाही जात नाही.”

पुढारणीने मुठीकडे पाहिलं, मग जाकिटाकडे.

“थोडी उसव,” ती म्हणाली. “वर्षभर लागणार आहे.”